दगडाला बिलगणारा मल्या

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुडा पर्वताची गाविलगड नावाची रांग पसरलेली आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके याच डोंगराळ मुलखात वसलेले असून हा सारा प्रदेश मेळघाट या नावाने प्रसिद्ध आहे. अनेक घाटांचा जेथे मेळ झाला तो मेळघाट. सागाची दाट वने, काळ्या कातळाचे उभे कडे आणि त्यांच्यामधून वाट काढणारे असंख्य ओढे हे या प्रदेशाचे वैभव होय. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या येथील पाच प्रमुख नद्या. कोरकू भाषेत 'सिपना' म्हणजे साग. सागाच्या वनातून वाहणाऱ्या नदीला याहून समर्पक नाव कोणते असणार! या पाचही नद्यांचे पाणी अखेरीस तापीला जाऊन मिळते. तापी ही मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून पश्चिमेकडे वाहते आणि धारणी तालुक्याच्या सीमेला स्पर्श करीत पुढे जाते.

मेळघाटातील या नद्यांची रूपे दोन. वैशाख महिन्यात सिपनेच्या काठी उभे राहिले तर पात्रात पाण्यापेक्षा दगडच अधिक दिसतात. कोठे खडकाच्या आडोशाला साठलेला डोह असतो, तर कोठे दोन दगडांच्या फटीतून झिरपणारी पाण्याची बारीक धार असते. तीच नदी आषाढात पाहावी. डोंगरावर दोन-चार घटका मुसळधार पाऊस पडला की पाहता पाहता पाणी चढू लागते. गढूळ पाण्याचे लोंढे खडकांवर आदळतात, काठावरील झाडांच्या मुळ्या उघड्या पडतात, मोठमोठे ओंडके काटक्यांप्रमाणे वाहून जातात आणि तळाशी गडगडणाऱ्या दगडांचा आवाज दूरवर ऐकू येतो. माणूस अशा पाण्यात पाऊल टाकण्याचे धाडस करीत नाही. मग ज्यांचे घरच या पाण्यात आहे, त्या माशांचे काय होत असेल? पूर ओसरल्यावर तेच मासे त्याच दगडांपाशी पुन्हा दिसतात. प्रवाहाने त्यांना तापीत, आणि तापीने समुद्रात, वाहून का नेले नाही?

हा प्रश्न सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना निसर्गाच्या कारभाराची एक मोठी ओळख होते.

वेगवान प्रवाहात राहणाऱ्या माशांनी टिकाव धरण्याचे तीन मार्ग अवलंबिलेले दिसतात. पहिला मार्ग बळाचा. महसीरसारखा मोठा मासा आपल्या सडपातळ, स्नायूंनी भरलेल्या शरीराच्या जोरावर प्रवाह कापीत जातो. दुसरा मार्ग आडोशाचा. मुरीसारखे बारीक, लांबट मासे दगडांच्या फटीत व वाळूत शिरून बसतात आणि पाण्याचा जोर डोक्यावरून जाऊ देतात. तिसरा मार्ग मात्र या दोहोंहून निराळा आहे. काही मासे पाण्याशी झगडत नाहीत व त्याच्यापासून लपूनही बसत नाहीत. ते प्रवाहाच्या ऐन मध्यावर असलेल्या उघड्या दगडालाच घट्ट बिलगून राहतात. आपल्या महाराष्ट्रातील नद्यांमध्ये या मार्गाने जाणारा सर्वांत परिचित मासा म्हणजे मल्या.

मल्या हा आकाराने लहानसा मासा आहे. तो बहुधा वीतभराहूनही लहान असतो. पूर्ण वाढलेला मल्या पंधरा ते सतरा सेंटिमीटर भरतो. त्याची पाठ हिरवट-तपकिरी, शेवाळलेल्या दगडासारखी, पोट फिकट. वरून पाहणाऱ्याला तो सहसा दिसतच नाही. रोहू, कटला या आपल्या ओळखीच्या माशांच्याच कुळातला हा मासा. परंतु भावंडांत आणि याच्यात केवढा फरक! रोहू मोठ्या नदीच्या संथ, खोल पाण्यात वाढतो आणि वजनाने कित्येक किलोग्रॅम होतो. मल्याने मात्र डोंगरउतारावरचे उथळ, खळाळते पाणी पसंत केले आणि त्या पाण्याच्या मागणीप्रमाणे त्याचे सारे शरीर घडत गेले.

मल्या हातात घेऊन उलटा केला म्हणजे त्याचे खरे वैशिष्ट्य नजरेस पडते. त्याचे तोंड इतर माशांप्रमाणे पुढच्या टोकाला नसून डोक्याच्या खालच्या अंगाला, आडव्या चंद्रकोरीसारखे असते. वरच्या ओठाला बारीक झालर असते. तोंडाच्या लगेच मागे, हनुवटीच्या जागी, एक वाटोळी मांसल चकती असते. ही चकती म्हणजे माशाचा खालचा ओठच होय. तो रुंद होऊन त्याला हे रूप आलेले आहे. चकतीचा मधला भाग गादीसारखा जाड असून भोवतालची कड पातळ व मोकळी असते. हीच चकती मल्याचा नांगर. जहाज बंदरात नांगर टाकून स्थिर राहते, तसा मल्या या चकतीच्या आधाराने दगडावर स्थिर राहतो.

चकती दगडाला चिकटते कशी? तिच्यात गोंदासारखा पदार्थ नसतो. ही किमया दाबाची आहे. काचेचे दोन सपाट तुकडे पाण्याने ओले करून एकमेकांवर ठेवले आणि सरळ ओढून वेगळे करू लागले, तर ते सहजासहजी सुटत नाहीत. त्यांच्यामध्ये हवा शिरायला वाव नसतो आणि बाहेरच्या हवेचा दाब त्यांना एकमेकांवर रेटून धरतो. मल्याचेही असेच घडते. तो चकती दगडावर दाबतो, तेव्हा मधले पाणी कडेने बाहेर पडते. नंतर स्नायूंच्या साहाय्याने चकतीचा मधला भाग किंचित वर उचलला की चकतीखालचा दाब कमी होतो. बाहेरच्या पाण्याचा दाब अर्थातच अधिक असतो. तो माशाला दगडावर दाबून धरतो.

पण येथे एक अडचण उरते. ओल्या काचा ओढून सुटत नसल्या तरी एकमेकींवरून त्या अगदी सहज सरकतात. नदीचा प्रवाह तर माशाला वर उचलण्यापेक्षा बाजूला ढकलण्याचाच यत्न अधिक करतो. केवळ दाबाच्या जोरावर राहिलेला मासा ओल्या दगडावरून घसरत घसरत वाहून जाईल. या अडचणीवरही उपाय योजलेला आहे. चकतीच्या कडेवर आणि ओठांवर सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे दगडाच्या पृष्ठभागाशी घर्षण होते आणि मासा घसरत नाही. दाब त्याला धरून ठेवतो आणि घर्षण त्याला जागेवर ठेवते. या दोहोंपैकी एकाचा अभाव झाला तर दुसरे निरुपयोगी ठरेल.

चकती हे मल्याचे प्रमुख साधन खरे. परंतु त्याच्या शरीराचा प्रत्येक भाग त्याच कामी लागलेला आहे. त्याच्या पोटाची बाजू चपटी असते, त्यामुळे शरीराचा मोठा भाग दगडाला टेकतो. छातीचे आणि पोटाचे पर आडवे पसरलेले असून तेही दगडावर टेकवून मासा आपला आधार वाढवितो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते; तिच्या योगाने ते पाण्यात तरंगत राहतात. तळाशी बसून राहणाऱ्या माशाला तरंगण्याचा उपयोग काय? उलट त्यामुळे प्रवाहाला त्याला उचलणे सोपेच होईल. म्हणून अशा माशांची वाताशय-पिशवी लहान झालेली आढळते.

दगडाला चिकटून राहण्यात आणखी एक लाभ आहे. वाहत्या पाण्याचा वेग सर्वत्र सारखा नसतो. पाणी ज्या पृष्ठभागावरून वाहते, त्याच्या अगदी लगतचा थर घर्षणामुळे मंदावलेला असतो. वादळी वाऱ्यात उभ्या माणसाला पाऊल टाकवत नाही. परंतु तोच जमिनीवर आडवा झाला की त्याला वाऱ्याचा जोर कमी जाणवतो. चपट्या शरीराचा मल्या दगडाशी जितका सपाट होऊन राहतो, तितका तो या मंद थरात लपतो. डोक्यावरून लोंढे जात असताना त्याला सोसावा लागणारा जोर आपल्याला काठावरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो.

एवढे कष्ट घेऊन हा मासा प्रवाहाच्या मध्यावरच का राहतो, असा प्रश्न सहजच मनात येतो. त्याचे उत्तर त्याच्या अन्नात सापडते. खळाळत्या, उथळ पाण्यातील दगडांवर सूर्यप्रकाश भरपूर पडतो. तेथे शेवाळाचा आणि करंडक वनस्पती नावाच्या, सूक्ष्मदर्शकाखेरीज न दिसणाऱ्या वनस्पतींचा पातळ बुळबुळीत थर जमतो. पाय घसरतो तो याच थरावरून. मल्या आपल्या ओठांच्या व जबड्याच्या धारेने हा थर खरवडून खातो. वनस्पतींचा आहार पचवायला वेळ लागतो, म्हणून त्याचे आतडे त्याच्या शरीराहून कितीतरी पट लांब असून पोटात गुंडाळीसारखे वेटोळे घालून बसलेले असते. उत्तर भारतातील लोक या जातीच्या माशांना 'पत्थरचट्टा' म्हणतात; दगड चाटणारा तो पत्थरचट्टा. नाव ठेवणाऱ्यांनी माशाचे राहणे आणि खाणे एका शब्दात सांगून टाकले आहे.

शिवाय या पाण्यात प्राणवायूची वाण नसते. दगडांवर आपटून फेसाळणारे पाणी हवेत घुसळले जाते आणि त्यात प्राणवायू विरघळतो. चकती तोंडाच्या मागे असल्यामुळे दगडाला चिकटलेला असतानाही मल्याला तोंडाने पाणी घेऊन ते कल्ल्यांवरून सोडता येते. आग्नेय आशियातील काही नद्यांत जिरिनोकायलस नावाचा दुसरा एक मासा आहे. तो तर खुद्द तोंडानेच दगडाला चिकटतो. मग त्याने श्वासासाठी पाणी कोठून घ्यावे? त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला वरच्या बाजूस एक जादा छिद्र असते. त्या छिद्रातून पाणी आत जाते आणि खालच्या फटीतून बाहेर पडते. तोंड गुंतले म्हणून श्वासाचा निराळा दरवाजा निघाला!

एकच गरज निरनिराळ्या कुळांतील प्राण्यांना निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी कशी आणून सोडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपल्या महाराष्ट्रातच याचे आणखी एक उदाहरण मिळते. ग्लिप्टोथोरॅक्स नावाचे लहान मासे डोंगरी नद्यांत राहतात. हे मल्याचे भाऊबंद नव्हेत. ते मिशा असलेल्या, अंगावर खवले नसलेल्या माशांच्या वर्गात मोडतात. त्यांच्या ओठाची चकती झालेली नाही. परंतु छातीवर, दोन्ही परांच्या मधल्या भागात, त्वचेच्या उभ्या घड्या पडलेल्या असतात. नांगरलेल्या शेतातील तासांप्रमाणे दिसणाऱ्या या घड्यांवर अतिसूक्ष्म काटे असतात. त्या खरखरीत छातीने हे मासे दगडाला धरून राहतात. मल्याने दाब आणि घर्षण ही दोन्ही साधने वापरली. या माशांनी मुख्य भर घर्षणावर दिला. असे अवयव एका पिढीत निर्माण होत नाहीत. प्रवाहात ज्यांची पकड किंचित अधिक होती ते वाचले आणि त्यांची संतती वाढली. ज्यांची पकड सैल होती ते वाहून गेले. लक्षावधी वर्षे ही निवड होत राहिली, तेव्हा आज दिसणारी चकती व घड्या तयार झाल्या.

या माशांचा शास्त्रीय अभ्यास सुरू होऊन दोनशे वर्षे झाली. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगा नदीतील माशांवर १८२२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मल्या ज्या गटात मोडतो, त्याला 'गारा' हे नाव त्याच ग्रंथाने मिळाले. पुढे कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने दख्खनच्या पठारावरील माशांचे वर्णन केले. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या या अधिकाऱ्याने एक स्तुत्य गोष्ट केली. नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने मराठी बोलणाऱ्या लोकांच्या तोंडची नावेच पुष्कळ ठिकाणी कायम ठेवली. १८३९ साली त्याने वर्णिलेला मल्या आज साऱ्या जगातील शास्त्रज्ञांना 'गारा मुल्या' या नावाने माहीत आहे. लंडनच्या वा टोकियोच्या संग्रहालयातील अभ्यासकही या माशाचा उल्लेख करताना एक मराठी शब्दच उच्चारतो!

तथापि दगडाला बिलगणाऱ्या माशांचा सर्वांत सखोल अभ्यास एका भारतीयाने केला. डॉ. सुंदरलाल होरा हे त्यांचे नाव. पंजाबात १८९६ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत आपले आयुष्य वेचले आणि १९४७ पासून १९५५ साली मृत्यू येईपर्यंत त्या संस्थेचे संचालकपद भूषविले. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९२१ साली, त्यांनी भारतातील गारा माशांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दुसरा मोठा निबंध आला. वेगवान प्रवाहात राहणारे प्राणी आणि त्यांची चिकटून राहण्याची इंद्रिये हाच त्याचा विषय होता. संग्रहालयातील बरण्यांत ठेवलेले मासे तपासून त्यांचे समाधान होत नसे. मासा ज्या पाण्यात राहतो ते पाणी, तो दगड आणि तो प्रवाह पाहिल्यावाचून त्याचे शरीर समजत नाही, ही दृष्टी त्यांच्या लेखनात सर्वत्र आढळते.

या अभ्यासातून होरांसमोर एक कोडे उभे राहिले. सह्याद्रीतील डोंगरी ओढ्यांत आढळणारे काही मासे पूर्व हिमालय, आसाम आणि मलाया या प्रदेशांतील माशांशी जवळचे नाते सांगतात. या दोन प्रदेशांमध्ये शेकडो कोसांची मैदाने पसरलेली आहेत. मैदानातील नद्या संथ, त्यांच्या तळाशी चिखल. दगडाला चिकटून जगणारा मासा अशा नदीतून प्रवास कसा करणार? चिखलाला चकती धरत नाही. चिखलावर त्याचे अन्नही उगवत नाही. मग हे मासे सह्याद्रीपर्यंत पोहोचले कोणत्या वाटेने?

होरांनी नकाशावर बोट ठेवले ते विंध्य-सातपुड्याच्या रांगांवर. या रांगा पूर्वेकडील डोंगरांना पश्चिमेकडील सह्याद्रीशी जोडणाऱ्या पुलासारख्या आहेत. प्राचीन काळी त्या आजच्यापेक्षा उंच होत्या, तेथे पाऊसही अधिक पडत असे, आणि ओढ्याओढ्यांतून हे मासे हळूहळू पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीत उतरले, असा तर्क त्यांनी मांडला. 'सातपुडा सिद्धान्त' या नावाने तो प्रसिद्ध आहे. १९४९ साली त्यावर विचार करण्यासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूशास्त्र या विषयांतील विद्वानांचा परिसंवाद झाला. पुढील काळात प्राण्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासण्याची साधने उपलब्ध झाली. त्यांच्या साहाय्याने पाहता निरनिराळ्या माशांचा इतिहास निरनिराळा असल्याचे दिसू लागले. सर्वांनी एकाच काळी आणि एकाच वाटेने प्रवास केला, असे आता मानले जात नाही. तरीही या सिद्धान्ताचे महत्त्व ओसरलेले नाही. ओढ्यातील बोटभर माशावरून पर्वतांचा प्राचीन इतिहास वाचता येईल, ही कल्पनाच मुळी केवढी विलक्षण! धारणीच्या परिसरातील डोंगर हे या इतिहासाचे एक पान आहे.

होरांच्या कोड्यातच एका गंभीर गोष्टीची किल्ली दडलेली आहे. मल्याला जे शरीर लाभले, त्याने त्याला महापुरातून वाचविले. परंतु त्याच शरीराने त्याला एका विशिष्ट घराशी बांधूनही टाकले. स्वच्छ दगड, वाहते पाणी, प्रकाश आणि प्राणवायू या चार गोष्टी जेथे एकत्र येतात, तेवढीच त्याची जागा. संपूर्ण नदी पाहिली तर अशा जागा थोड्याच असतात. येथे पन्नास पावलांचा खळाळ, मग लांबच लांब संथ डोह, पुन्हा एखादा खळाळ, असा नदीचा क्रम असतो. मल्या ही जात आज दुर्मिळ नाही. दख्खनच्या अनेक नद्यांत ती आढळते आणि जागतिक यादीत तिची नोंद धोक्याबाहेरील जातींत झालेली आहे. परंतु तिचे घर मात्र दुर्मिळ आहे, आणि ते दिवसेंदिवस अधिक दुर्मिळ होत चालले आहे.

हे घर मोडण्यासाठी मोठ्या संकटाची जरुरी नसते. डोंगरउतारावरील झाडे तुटली की पावसाबरोबर मोकळी माती ओढ्यात येते. तिचा पातळ थर दगडांवर बसतो. थर अर्ध्या बोटाचाही नसेल. पण त्याच्याखाली शेवाळ गुदमरते, चकतीची कड दगडाला टेकत नाही आणि तिच्याखालचा दाब टिकत नाही. खळाळावर बंधारा घातला तर पाणी फुगून संथ होते. वर पाहणाऱ्याला पाणी वाढल्याचा आनंद होतो, आणि खाली मल्याचे शेत बुडालेले असते. पात्रातील वाळू व गोटे उपसून नेले तर त्याची भिंत आणि छप्परच नाहीसे होते. सर्वांत घातक काळ उन्हाळ्याचा. त्या वेळी ओढ्यातील सारे मासे उरल्यासुरल्या डोहांत गोळा झालेले असतात. अशा डोहात कोणी विषारी भुकटी टाकली किंवा सुरुंगाचा बार उडविला, तर हवे असलेले चार मोठे मासे हाती लागतात आणि त्यांच्याबरोबर लहानमोठे शेकडो जीव व्यर्थ मरतात. पावसाळा येतो, ओढा पुन्हा भरतो. परंतु त्यात अंडी घालणारे कोणी उरलेले नसते.

ही भीती निराधार नाही. याची साक्ष पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माशाने दिली आहे. छातीच्या घड्यांनी दगडाला धरणाऱ्या माशांपैकी एका जातीचे वर्णन होरांनीच १९३८ साली केले आणि पुण्यावरून तिला 'ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस' असे नाव दिले. आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. ज्या नगराचे नाव तिने जगभर नेले, त्या नगराभोवतालच्या नद्या धरणांनी अडल्या आणि सांडपाण्याने गढूळ झाल्या. महापुराला दाद न देणारा जीव मैल्याच्या थरापुढे हतबल ठरला.

मल्या गेला तर काय बिघडेल, असे कोणी विचारील. तो बाजारात मोलाने विकला जाणारा मासा नव्हे. परंतु नदीच्या संसारात त्याचे काम मोठे आहे. दगडावरील शेवाळ माणसाला वा खंड्याला खाता येत नाही. मल्या ते खातो आणि सूर्यप्रकाशाने वनस्पतीत साठविलेली शक्ती मासरूपाने पुढे पाठवितो. खंड्या, बगळे, पाणमांजरे आणि मोठे मासे यांची उपजीविका अशा लहान माशांवर चालते. शिवाय तो नदीच्या प्रकृतीची नाडी आहे. जेथे मल्या आहे, तेथे पाणी वाहते व स्वच्छ आहे, हे निराळ्या परीक्षेवाचून समजावे.

या दृष्टीने पाहिले तर मेळघाटाचे भाग्य थोर आहे. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ वनांत मेळघाटाचा समावेश होता. वाघासाठी राखलेल्या या वनाने नद्यांनाही जपले आहे. झाडांची मुळे डोंगरावरची माती धरून ठेवतात, पालापाचोळ्याचा थर पावसाचे पाणी जिरवितो, आणि तेच पाणी पुढे कित्येक महिने झऱ्यांच्या रूपाने ओढ्यांत उतरत राहते. मल्याची चकती ज्या स्वच्छ दगडाला धरते, तो दगड स्वच्छ ठेवण्याचे काम दूर कड्यावर उभा असलेला साग करीत असतो. डोंगर, वन, ओढा आणि मासा ही एकाच साखळीची कडी होत. वरचे कडे निखळले की त्याचा धक्का तळाशी पोहोचल्यावाचून राहत नाही.

पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात, ओढ्यांचे पाणी निवळते. त्या दिवसांत उथळ खळाळातील दगड काठावरून निरखून पाहावेत. शेवाळाच्या हिरवट थरात मधूनमधून खरवडून साफ केल्यासारखे फिकट पट्टे उमटलेले दिसले, तर समजावे की जवळच कोठे तरी मल्या चरत आहे. दगड उचकटण्याची वा पाणी ढवळण्याची गरज नाही. थोडा वेळ शांत उभे राहिले की दगडाच्या रंगाचाच एक तुकडा हळूच हलतो, बोटभर पुढे सरकतो आणि पुन्हा दगडाशी एकरूप होऊन जातो. वर्षानुवर्षे त्याच जागी ते पट्टे दिसत राहिले, तर तो ओढा निरोगी आहे. ज्या वर्षी ते दिसणार नाहीत, त्या वर्षी ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावर काय घडले आहे, याचा शोध घेण्याची वेळ आलेली असेल.